कांद्यात गेला तर दोन

काळी माती लबाड असते. ओली असताना पायाला लोण्यासारखी लागते आणि माणूस फसतो. चार उन्हं लागली की तिच्यात मनगट जाईल एवढी भेग पडते. तिच्यात बाजरी घ्यावी, तूर घ्यावी, कांदा घ्यावा. खळं मात्र तिचं करू नये. खळ्याला पांढरी लागते. आमच्या गावामागं एक बुटकं टेकाड आहे, जुनं गाव तिथं होतं म्हणतात. तिथली माती राखेच्या रंगाची, कोरडी असताना पिठासारखी, आणि एकदा भिजवून चोपली की वर्षभर जागची हलत नाही. बाजरीची कणसं खुडून झाली, सरमाड बांधून झालं, की मला त्या मातीचा वास यायला लागतो. यंदाही आला. सून म्हणते, "आत्याबाई, गुडघे धरलेत तुमचे, घरात बसा." गुडघे धरलेत हे मला माहीत आहे. ते माझेच आहेत.

आता गावात खळं कोणी करत नाही. मळणीयंत्र बांधावर येतं आणि तासाभरात धान्य पोत्यात, भुसा वाऱ्यावर. मला त्याचं दुःख नाही. बैलामागं गोल फिरून ज्यांचे पाय गेले त्यांना विचारा. पण शाळेच्या मागं आमचं एक रान पडीक आहे. त्याच्या एका कोपऱ्यात माझ्या हातचं जुनं खळं आहे, आणि उरलेल्या रानात गावाची क्रिकेटची लीग होते. चार वस्त्यांच्या चार टीम, टेनिसचा चेंडू, आठ-आठ ओव्हर. लीग सुरू होते त्या दिवसाला पोरं ओपनिंग म्हणतात. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. कळण्यावाचून माझं अडलंही नाही. जमीन माझी, माती माझी, एवढ्यावर मी त्यात आहे.

मी यात कशी पडले ते सांगते. लीग काढली पोपटनं. त्याचं एसटी थांब्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिशीचा गडी, तोंडाला माईक लागला की खाली ठेवत नाही. एका साली त्यानं रस्त्याच्या कामावरचा रोलर आणला आणि काळ्या रानातच पट्टी दाबून घेतली. पट्टी आरशासारखी चमकली. पोपटनं तिच्यावर उभं राहून फोटो काढले. आठव्या दिवशी तिला अशा भेगा पडल्या की एका मॅचमध्ये चेंडू भेगेत जाऊन बसला. कीपर बोटांनी उकरतोय आणि बॅट्समन इकडून तिकडं पळतायत. चेंडू निघेपर्यंत सात धावा झाल्या. मी बांधावर बसून शेंगा फोडत होते. त्या वर्षी तेवढी एकच मॅच मला आवडली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला पोपट माझ्याकडं आला.

"आजी, तुमच्या खळ्याला भेग कशी न्हाई पडत?"

"मी केलंय म्हणून."

"मग पट्टी पन तुमीच करा की."

"करीन. पण ओपनिंग दसऱ्याच्या पुढच्या रविवारी घ्यायचं."

"आपलं दिवाळीनंतर असतंय, आजी. पुन्याची पोरं सुट्टीला येत्यात, पाव्हनं येत्यात."

"आन् डोंगरवस्तीची पोरं?"

पोपटनं मान खाजवली. "ती कशी असतील दिवाळीला. ती कारखान्याला जात्यात."

"मग ती जायच्या आत खेळा. न्हाईतर तुझा रोलर आन."

डोंगरवस्ती ही आमच्या गावाची चौथी वस्ती. तिथल्या घरांना रान थोडं आणि पाणी त्याहून थोडं. दसरा झाला की ट्रॅक्टर येतो, भांडी, कोंबड्या, पोरं, ताडपत्र्या वर चढतात आणि वस्ती ऊस तोडायला जाते. परत येते ती होळीनंतर. लीगमध्ये टीम चार होत्या त्या फक्त बोर्डावर. चौथीचं नाव दरवर्षी खडूनं लिहायचे आणि तिच्यापुढं लिहायचे, गैरहजर. शाळेत हजेरी घेताना गुरुजी लिहायचे तसं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण हा शब्द मला चांगला वाचता येतो.

कारण मी स्वतः अकरा हंगाम ऊस तोडलाय. लग्न झालं त्याच साली आम्ही दोघं गेलो. पहाटे पाचट हाताला कापतं, ते कापलेलं दुपारी घामानं चुरचुरतं, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना मान आत जाते. हे सगळं मी विसरून गेले आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. पण त्याचं मला तेवढं वाटत नाही. काम होतं, केलं. वाटतं ते वेगळंच. आमचे हे कुस्ती खेळायचे. गावची जत्रा ऐन थंडीत, आणि जत्रेतल्या कुस्त्या म्हणजे पंचक्रोशी लोटायची. हे त्या अकरा वर्षांत एकदाही गावात नव्हते. उसाच्या फडात संध्याकाळी पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढच्या मातीत कोणाशी तरी झोंबायचे, अंगाला पाचट चिकटलेलं असायचं, आणि बघायला आम्ही चार बाया नि एक शेळी. ऊसतोड सुटली तेव्हा पाठ गेली होती. पोरासोरांना नारळाची कुस्ती लावतात, तीसुद्धा त्यांची गावापुढं झाली नाही. मरेपर्यंत त्यांनी याबद्दल तक्रार केली नाही. फक्त जत्रेच्या दिवशी ते रानात जाऊन बसायचे. तेवढं मी पाहिलेलं आहे. म्हणून पोपटला अट घातली.

डोंगरवस्तीच्या टीमचा कप्तान बबन. त्याची आई आणि मी एका फडात तोडायचो, तेव्हा हा पाचटावर निजलेला असायचा. त्या साली तो सव्वीस-सत्तावीसचा होता, खांदा मोळ्या फेकून दगडासारखा. दसऱ्याआधी पंधरा दिवस तो आणि त्याची बायको मीरा टेकाडावरून पांढरी वाहत होते.

"मावशे, किती घमेली लागतील?"

"मी बास म्हनीन तवर."

"आन् तुमी बास कवा म्हनता?"

"आन आधी."

पट्टी करायला आठ दिवस लागतात. घाई करणाऱ्यानं करू नये. आधी काळी माती वीतभर काढून टाकायची. मग पांढरी पसरायची, तिच्यात भुसा आणि शेण, वर पाणी शिंपडायचं. ओतायचं नाही, शिंपडायचं. पायांनी तुडवायची. थोडी आळली की लाकडाचं चपटं चोपणं घेऊन बसायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बडवत जायचं. बडवताना आवाजावर कान ठेवायचा. सुरुवातीला भद भद असा येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी टण येतो. टण आला की शेणकाल्यानं सारवायची. माझ्या आईनं मला खळं करायला शिकवलं तेव्हा तिनं काही सांगितलं नव्हतं, नुसतं शेजारी बसवून घेतलं होतं. मी मीराला तसंच बसवलं. मीरा चुकली की मी तिचं चोपणं धरायचे, एवढीच आमची बोलणी.

पट्टीच्या पूर्वेला, बांधापलीकडं, माझे कांद्याचे वाफे होते, नुकतीच लागण झालेली. चेंडू हवेतून तिकडं गेला की पोरं सहा धरायची, आणि चेंडू काढायला चौघं धावत जायची. चार पायाखाली वीस रोपं. मी पोपटला म्हटलं, "हा नियम बदल. कांद्यात गेला तर दोन."

"दोन? आजी, एवढ्या लांब मारल्यावर दोन?"

"दोन. मग कोनी मारनारच न्हाई तिकडं."

पोपटनं बोर्डावर लिहिलं: कांद्यात गेला तर दोन. खाली रेघ मारली. माझ्यासमोर मारली.

ओपनिंगच्या दोन दिवस आधी आभाळ आलं. परतीचा पाऊस सांगून येत नाही आणि पांढरीचा सारवा ओला असताना त्यावर थेंब पडला की देवी आल्यासारखे खड्डे पडतात. पोपट हातात फोन घेऊन पावसाचा अंदाज बघत बसला. बबन वस्तीवर गेला आणि सहा ताडपत्र्या घेऊन आला. पुढचे पाच महिने त्या ताडपत्र्या त्यांची घरं होणार होत्या. आम्ही त्या पट्टीवर अंथरल्या, कडेला दगड ठेवले. पाऊस दोन तास पडला. सकाळी ताडपत्री उचलली तेव्हा पट्टी खालून कोरडी होती आणि तिला चुलीपुढच्या जमिनीचा वास येत होता. बबननं नखानं टोकरून पाहिलं. मी त्याच्या हातावर चापट मारली.

रविवार उजाडला. मॅच आठला सुरू होणार होती आणि मुकादमाचा ट्रॅक्टर एकला निघणार होता. मी हिशेब करून पाहिला होता, दोनदा खेळून झालं असतं. डोंगरवस्तीचे अकराजण सातलाच हजर. बायका भाकरी बांधून आलेल्या, सामान ट्रॅक्टरवर चढलेलं, कोंबड्या डालग्यात. विरुद्ध टीम पेठेतली, म्हणजे पोपटची.

आठ वाजले, नऊ वाजले.

"सुरू कर की," मी म्हटलं.

"पाव्हनं यायचेत आजी. त्यांच्याबिगर कसं? बॅनरवर फोटो हाय त्यांचा."

"फोटो आलाय न्हवं? मग झालं."

पोपट हसला, पण सुरू केलं नाही. पाहुणे साडेदहाला आले. तालुक्याचे कोणीतरी होते, कडक इस्त्रीचे कपडे, मागं चार गाड्या. हार झाले, शाल झाली, भाषण झालं. भाषणात ग्रामीण भागातली गुणवत्ता तीनदा आली. ती गुणवत्ता उन्हात रांगेत उभी होती आणि ट्रॅक्टरकडं बघत होती.

मग नारळ. नारळ फोडायला मी बांधापाशी दगड ठेवला होता. धुऊन, हळदकुंकू लावून ठेवला होता. पण पाहुण्यांना कोणी तरी सांगितलं की खेळपट्टीची पूजा आहे. त्यांनी बूट घालून पट्टीवर चालत जाऊन, बॅट्समन उभा राहतो तिथून चार पावलांवर, चेंडूचा टप्पा पडतो नेमका तिथं, नारळ दणकन आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून गेले. दोन खड्डे, वाटीएवढे, आणि त्यात नारळाचं पाणी.

"पट्टीवरून पाय काढा," मी म्हटलं.

पोपट कानाशी येऊन पुटपुटला, "आजी, पाव्हनं हायत."

"दिसत्यात मला. त्यांचे बूट पन दिसत्यात."

पाहुणे समजूतदार निघाले, बाजूला झाले. त्यांना कोणी कधी खळ्यावर नेलंच नसेल तर त्यांचा तरी काय दोष. पण खड्डे पडले ते पडले. नुसती माती भरून भागत नाही, पहिल्याच चेंडूला पापुद्रा निघून येतो. कडा खरवडल्या, मीरानं माती मळली, भरली, चोपली, आणि सुनेला घरी पिटाळून चुलीतली गरम राख आणवली. राख पाणी ओढून घेते. तरी तास गेला.  

बाराला पहिला चेंडू पडला. नवा हिरवट चेंडू पहिल्या ओव्हरमध्येच शेणानं आणखी हिरवा झाला. टप्पा घेऊन तो सरळ उठत होता, कुठंही न दबता. पेठेतल्या पोरांना त्याची सवय नव्हती. माईकवर पोपट म्हणाला, पट्टीत जान आहे. आठ ओव्हरमध्ये पेठेच्या एकसष्ट झाल्या. डोंगरवस्ती खेळायला आली. बबन एका टोकाला उभा राहिला तो उभाच. सहा ओव्हर झाल्या तेव्हा त्यांच्या अठ्ठेचाळीस होत्या. जिंकायला चौदा हव्या होत्या, चेंडू बारा होते, आणि ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

मुकादम बांधावर आला. आमच्याच भावकीतला आहे. "बबन, चल."

"मुकादम, दोन ओव्हर फकस्त."

"दोन म्हनता म्हनता तीन वाजत्यात."

मी म्हटलं, "धा मिंटं थांब की रे."

"काकू, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर मीच बसलो असतो बघत. शेवगावच्या नाक्यावर बाकीच्या गाड्या उभ्या हायत. त्या माझ्यासाठी थांबल्यात."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर मला भांडता आलं असतं. बबननं एकदा स्टंपांकडं पाहिलं, मग बॅट माझ्या हातात दिली. ती लीगची बॅट होती, पोपटला द्यायला हवी होती. पण त्यानं माझ्या हातात दिली. अकराच्या अकरा जण ट्रॅक्टरवर चढले. मीरानं वरून हात केला. ताडपत्र्यांच्या घडीला अजून पांढरी लागलेली होती. धूळ खाली बसली.

मग पोपट बोर्डाकडं गेला आणि त्यानं खडूनं लिहिलं: डोंगरवस्ती पराभूत, मैदान सोडले.

मी तळहातानं ते पुसलं.

"आजी, नियम हाय तो."

"कोनी केला?"

"आमीच. समितीनं."

"मग समितीला सांग, मॅच व्हायची हाय अजून. बारा चेंडू."

"त्ये येनार होळीला."

"होळीलाच खेळा."

"आन् तवर लीग थांबवू?"

"लीग खेळा की. रान मोठं हाय. शेजारी दुसरी पट्टी पाडा. या पट्टीवर पाय टाकायचा न्हाई."

पोपट चिडला होता. चार दिवस माझ्या घरावरून गेला नाही, वळसा घालून गेला. त्यांनी शेजारी मॅट अंथरली आणि लीग पुरी केली. पहिलं बक्षीस पेठेनं घेतलं, की मळ्यातल्या वस्तीनं, मला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात मी काय केलं, तर एक पट्टी राखली. ऐकायला येडेपणा वाटेल. गावात म्हणणारे म्हणाले, म्हातारीला चळ लागला. मी सरमाड अंथरून ती झाकली. दर आठवड्याला सरमाड उचलायचं, घुशीनं उकरलं असेल ते बुजवायचं, सारवायचं, पुन्हा झाकायचं. थंडीत शेणकाल्यानं बोटं बधिर व्हायची. एकदा शेजारच्यांची म्हैस वर जाऊन बसली, तिला उठवताना मी पडले आणि कोपर सोललं. जत्रा आली, कुस्त्या झाल्या, हलगी ऐकू येत होती. मी पट्टीवरच होते. आमच्या ह्यांची फार आठवण आली वगैरे असं काही झालं नाही. हात कामात होते. फक्त, जत्रेच्या दिवशी रानात बसायला माणसाला काही तरी काम हवं, ते त्यांना नव्हतं, एवढं ध्यानात आलं.

माघात पोपट आला. सरमाडाच्या चार पेंढ्या टाकून गेला.

डोंगरवस्ती होळीनंतर परत आली. वाळलेली, काळवंडलेली, एक नवं तान्हं घेऊन आलेली. बबनला वाटलं होतं, मॅच गेली. मी सरमाड उचललं आणि बॅट त्याच्यापुढं धरली. तो पट्टीवर उकिडवा बसला. टोकरायला नख पुढं केलं, माझ्याकडं बघून मागं घेतलं.

पाडव्याच्या सकाळी, गुढ्या उभारून झाल्यावर, बारा चेंडू खेळायला आख्खा गाव आला. पाहुणे नाहीत, माईक नाही. त्या रविवारी जो जिथं उभा होता तो तिथंच उभा राहिला. पेठेतली दोन पोरं पुण्याहून रातोरात आली होती. बोलिंगला पोपट. दोनातली शेवटची ओव्हर त्याचीच होती.

अकरा चेंडूंत दहा धावा झाल्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. पोपटनं टाकला, बबननं खांदा फिरवला. बॅटचा आवाज ऐकूनच माणसं उठली. चेंडू वर गेला, लई वर गेला, आणि पूर्वेला माझ्या कांद्यात पडला.

डोंगरवस्ती नाचायला लागली. मग कोणाला तरी बोर्ड आठवला. एक एक जण थांबला, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

कांदा काढणीला आला होता. पात पिवळी होऊन पडलेली होती. चौघं काय, चाळीस जण तुडवून गेले असते तरी आता काही बिघडणार नव्हतं.

पोपट चालत माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "आजी, पात तर वाळलीया. सहा धरू. मी म्हनतो, आमची काय हरकत न्हाई."

मीरा तान्ह्याला घेऊन समोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ते मला बरं वाटलं.

ती मॅच पाडव्याची नव्हती. दसऱ्यानंतरच्या रविवारची होती. मी पाच महिने ती तशीच्या तशी राखली होती, आणि त्या रविवारी तिथं रोपं कोवळी होती.

"दोन," मी म्हटलं.

साठ झाल्या. एका धावेनं डोंगरवस्ती हरली.

बबन बॅट खांद्यावर टाकून आला. मला वाटलं, आता हा काही तरी बोलणार, आणि मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

"दोनच हुत्या, मावशे," तो म्हणाला. "बराबर हाय." मग घाम पुसून म्हणाला, "आज हरलो. दसऱ्याला न्हवतो हरलो, नुसता गेल्तो."

पोपटनं खडू घेतला आणि लिहिलं: डोंगरवस्ती, साठ. पुढं दुसरं काही लिहिलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून ओपनिंग दसऱ्याच्या पुढच्या रविवारीच असतं आणि पहिली मॅच डोंगरवस्तीची. यंदा ते सकाळी सातला आहे. पाहुणे आले तर खुर्ची आहे, खेळ थांबायचा नाही. नारळ माझ्याकडं आहे. दगड बांधापाशी, धुतलेला.

काल बबन पांढरीची घमेली टाकायला आला होता. अजून ऊस तोडतो, अजून कप्तान आहे. चोपण्याचा आवाज ऐकत थोडा वेळ उभा राहिला. भद भदच येत होता, टण यायला तीन दिवस आहेत. पलीकडच्या वाफ्यांत नवी रोपं लागलेली बघून म्हणाला, "मावशे, यंदा किती?"

"दोन."

"चार तरी करा की."

"दोन."

तो हसला. मग पट्टीवर पाय न टाकता कडेला उभा राहिला, हातात बॅट असल्यासारखे हात धरले, आणि कांद्याकडं पाठ करून शाळेच्या भिंतीच्या बाजूला खांदा फिरवून पाहत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मी चोपणं उचललं आणि पुढं सरकले.